एकविसावा खण: ॲरे कुठे संपतो हे मेमरीला कळत नाही, आणि आता तुमचा फोन त्यावर काय करतोय

१९ जुलै २०२४, शुक्रवार. मुंबई, दिल्ली, बंगळूरच्या विमानतळांवर चेक-इन हाताने सुरू झालं आणि पेनाने लिहिलेल्या बोर्डिंग पासचे फोटो दिवसभर ग्रुपवर फिरत राहिले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात ८५ लाख विंडोज कंप्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल पाठवली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधली ७८ मिनिटं सगळ्यांना पुरली.

"सायबर हल्ला झाला का?" हा प्रश्न त्या दिवशी सगळ्यांनी विचारला. हल्ला वगैरे काही नव्हता. एका ॲरेमध्ये २० खण होते आणि प्रोग्रामने एकविसावा वाचायला घेतला, एवढंच झालं होतं.

"एवढंच" म्हणतोय खरं, पण याच जातीची चूक तुमच्या फोनमध्ये झाली तर तो नुसता बंद पडून थांबेलच असं नाही. कधी कधी अशाच एका खणातून कुणीतरी आत शिरतं. गेल्या दोन-तीन वर्षांत गुगल आणि ॲपल दोघंही या एका प्रश्नावर मोठा खर्च करतायत, नवीन चिप बनवतायत, जुना कोड पुन्हा लिहितायत. हे सगळं नेमकं काय चाललंय ते समजायचं असेल तर ॲरे मेमरीत दिसतो कसा, इथून सुरुवात करावी लागते. कोडिंग येत नसलं तरी चालेल. बेरीज येते ना, तेवढं बास.

मेमरीत ॲरे कसा दिसतो

मेमरी म्हणजे नंबर घातलेल्या खणांची एक लांबच लांब रांग. कुठल्या खणापासून कुठल्या खणापर्यंत कोणाचा माल आहे, हे खणांवर कुठेही लिहिलेलं नसतं. पाच मुलांचे मार्क ठेवायचे असतील तर प्रोग्राम सलग जागा मागतो आणि त्याला एक पत्ता मिळतो. समजा पत्ता मिळाला ४८००. प्रत्येक आकड्याला ४ बाइट लागतात, म्हणून मार्क ४८००, ४८०४, ४८०८, ४८१२ आणि ४८१६ या पत्त्यांवर बसले.

आता सहावा मुलगा आला तर? आधीच किती जागा लागेल हे माहीत नसतं, म्हणून डायनॅमिक ॲरे वापरतात. नाव जड आहे, काम सोपं आहे: लागेल तसा वाढणारा ॲरे. सी प्लस प्लसमध्ये त्याला व्हेक्टर म्हणतात, रस्टमध्ये व्हेक, जावामध्ये ॲरेलिस्ट, पायथनमध्ये नुसती लिस्ट. तपशील वेगळे असले तरी आतलं तत्त्व बहुतेक ठिकाणी एकच असतं. तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या:

पत्ता: ४८००
लांबी: ५ (सध्या किती भरलंय)
क्षमता: ८ (किती मावेल)

लक्षात घ्या, हे तीन आकडे एका जागी आणि खरा माल दुसऱ्याच जागी असतो. आठ जणांची जागा आधीच घेऊन ठेवली, म्हणजे ४८३२ च्या आधीपर्यंत सगळं आपलं. पाच भरलेत, तीन रिकामे. पण "रिकामे" हे फक्त त्या लांबीच्या आकड्यामुळे आपल्याला कळतं. त्या तीन खणांत जाऊन बघाल तर तिथेही काहीतरी असतंच, आधी कोणीतरी वापरून टाकलेलं. मेमरीत कोरा कागद नसतो, पाटीवरचं कालचं पुसट लिखाण असतं.

नववा मुलगा आला की गंमत होते. जागा संपली. मग प्रोग्राम दुसरीकडे मोठी जागा घेतो, बहुतेकदा दुप्पट. समजा ९६०० या पत्त्यावर सोळांची जागा मिळाली. आठही मार्क तिकडे कॉपी करायचे, नववा जोडायचा आणि जुनी जागा सोडून द्यायची. थोडक्यात, बिऱ्हाड हलवायचं. प्रत्येक वेळी एकच खण वाढवला तर दर वेळी बिऱ्हाड हलवावं लागेल, म्हणून दुप्पट. गुगल-क्लँगच्या जगात आणि जीसीसीमध्ये साधारण दुप्पट करतात, मायक्रोसॉफ्टचा व्हेक्टर आणि जावाची ॲरेलिस्ट दीडपट. याची कारणं ज्याला हवी त्याने शोधावीत, आपल्याला पुढे जायचंय.

बिऱ्हाड हलवलं, पण जुन्या पत्त्याच्या चिठ्ठ्या कोणाकडे राहिल्या असतील तर? प्रोग्रामच्या दुसऱ्या कोपऱ्यात कोणीतरी "४८०० वर मार्क आहेत" असं लिहून ठेवलंय. त्याला कोणी कळवलंच नाही. तो तिथे जातो आणि आता तिथे राहणाऱ्या नव्या भाडेकरूचं सामान आपलं समजून उचलतो. ॲरेच्या बाबतीत होणाऱ्या दोन मुख्य चुका याच: हद्दीबाहेर जाणं, आणि सोडलेल्या घरात शिरणं. सुरक्षेच्या बातम्यांमध्ये "बफर ओव्हरफ्लो" आणि "यूज आफ्टर फ्री" हे शब्द येतात ते याच दोघांसाठी.

डिबगरला तरी काय दिसतं

प्रोग्राम बिघडला की प्रोग्रामर डिबगर उघडतो. डिबगर म्हणजे चालता प्रोग्राम जागच्या जागी थांबवून मेमरीत डोकावायचं साधन. नवख्या मुलांना इथे पहिला धक्का बसतो. सी भाषेत ॲरेचा नुसता पत्ता हातात असेल तर डिबगर एकच मार्क दाखवतो, पहिला. बाकीचे चार कुठे गेले? कुठेही गेलेले नाहीत. डिबगरला पत्ता माहीत आहे, लांबी माहीत नाही. मग जीडीबीमध्ये आपणच सांगावं लागतं, "या पत्त्यापासून पाच दाखव". आपण चुकून पाचशे म्हटलं तर तो पाचशेही दाखवतो, कुरकुर न करता. पहिले पाच मार्क, पुढचे ४९५ कोणाचे ते देवाला ठाऊक.

व्हेक्टर असेल तर परिस्थिती जरा बरी. पण डिबगरच्या कच्च्या नजरेला व्हेक्टर म्हणजे तीन पत्ते असतात: सुरुवात, भरलेल्याचा शेवट, जागेचा शेवट. त्यातून "पाच मार्क आहेत, हे घ्या" असं नीट चित्र काढायला वेगळी छोटी स्क्रिप्ट लागते. जीडीबीत तिला प्रिटी प्रिंटर म्हणतात, व्हिज्युअल स्टुडिओमध्ये नॅटव्हिस फाइल असते. ही स्क्रिप्ट शेवटच्या पत्त्यातून पहिला वजा करते, चाराने भागते आणि लांबी काढते. ४८२० वजा ४८००, वीस. भागिले चार, पाच. झालं.

यातली मेख अशी की स्क्रिप्ट त्या पत्त्यांवर आंधळा विश्वास ठेवते. व्हेक्टर अजून तयारच झाला नसेल, किंवा कोणी त्याचे तीन आकडे बिघडवले असतील, तर डिबगर शांतपणे सांगतो की या यादीत काही अब्ज मार्क आहेत. कधी कधी उणे लांबीही दाखवतो! डिबगर वेडा झाला असं वाटतं, पण मेमरीत जे लिहिलंय तेच तो वाचत असतो. उलट असा वेडगळ आकडा दिसला की अनुभवी माणूस खूश होतो, कारण बिघाड कुठे आहे याचा माग लागतो.

म्हणून डिबगिंगसाठी मेमरी मुद्दाम रंगवून ठेवायची जुनी युक्ती आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये डिबग मोडला चालवलं की नव्या, अजून न भरलेल्या जागेत "सीडी सीडी सीडी" असे बाइट भरलेले दिसतात. सोडून दिलेल्या जागेत "डीडी डीडी". आणि प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बाइटचं कुंपण असतं, त्यात "एफडी". कुंपणातलं एफडी बदललेलं दिसलं म्हणजे कोणीतरी हद्द ओलांडली. आपल्याकडे शेताच्या बांधावर दगड रोवतात आणि दगड हललेला दिसला की भांडण सुरू होतं, तसंच. फक्त इथे अडचण ही की दगड हलला हे नंतर कळतं. कोणी, कधी हलवला ते कळत नाही.

ही उणीव भरून काढली ॲड्रेस सॅनिटायझर या गुगलच्या साधनाने, २०१२ च्या सुमारास. मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइटची सावली-नोंद ठेवायची: इथे हात लावायला परवानगी आहे का नाही. प्रत्येक वाचन-लेखनाआधी ती नोंद तपासायची. हद्द ओलांडली की त्याच क्षणी प्रोग्राम थांबतो आणि कोणत्या ओळीने ओलांडली ते छापतो. त्यात व्हेक्टरसाठी खास सोय आहे: पाच भरले आणि आठांची जागा असेल तर मधले तीन खणही निषिद्ध म्हणून नोंदवता येतात. हे महत्त्वाचं आहे, पुढे लागणार आहे.

पण प्रोग्राम साधारण दुपटीने मंद होतो आणि मेमरीही बरीच जास्त लागते. म्हणून हे साधन ऑफिसात, टेस्टिंगच्या मशीनवर. तुमच्या हातात येणाऱ्या ॲपमधून ते काढून टाकलेलं असतं. म्हणजे कुंपण कारखान्यात आहे आणि चोर तुमच्या गल्लीत.

तो एकविसावा खण

आता परत क्राउडस्ट्राइककडे. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच कारणांचा सविस्तर अहवाल दिला. एका नव्या तपासणीच्या साच्यात २१ गोष्टी जुळवून बघायच्या होत्या. प्रत्यक्ष माहिती पुरवणारा कोड २० च देत होता. हे महिनोन्महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोपर्यंतच्या सगळ्या फाइलींमध्ये एकविसाव्या जागी "काहीही चालेल" अशी खूण होती, त्यामुळे तो खण उघडून बघायची वेळच येत नव्हती. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा तो खरोखर बघायला सांगितला.

त्या ॲरेच्या खणांत पत्ते होते, "माहिती अमुक ठिकाणी आहे" असे. एकविसावा खण आपला नव्हताच, तिथे कोणाचा तरी भलताच आकडा पडलेला. प्रोग्रामने तो पत्ता समजून तिकडे धाव घेतली आणि तिथे काहीच नव्हतं. हा कोड विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने एकटं ॲप बंद पडायचा पर्याय नव्हता, अख्खं मशीन झोपलं.

त्या वीकेंडला सोशल मीडियावर एक थ्रेड जोरात चालला होता: "साधा नल पॉइंटर आहे, प्रोग्रामरने शून्य तपासलं नाही." ऐकायला पटण्यासारखं, म्हणून लाखोंनी वाचलं. पण मायक्रोसॉफ्टने नंतर क्रॅश डंप उघडून दाखवला तेव्हा पत्ता शून्य नव्हता, आणि शून्य आहे का हे तपासणारी सूचना तर तिथे होतीच. कचरा पत्ता शून्य नसल्याने त्या तपासणीतून आरामात पास झाला. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वात बोलका वाटतो. शून्य तपासणं म्हणजे "खण रिकामा आहे का?" असं विचारणं. विचारायला हवं होतं "हा खण माझा आहे का?" आणि ते विचारायला लांबी लागते. २५ जुलैला कंपनीने नेमकी तीच तपासणी जोडली, म्हणजे वाचायच्या आधी ॲरेची हद्द बघायची. एक तुलना. एवढ्या गोंधळाचं औषध एका ओळीत मावलं.

फोनवर: एका फोटोची गोष्ट

फोनवर हेच कसं दिसतं त्याचं उदाहरण सप्टेंबर २०२३ चं. व्हॉट्सॲपचे स्टिकर ज्या फॉरमॅटमध्ये असतात तो वेबपी, आणि तो उघडणारी गुगलची लिबवेबपी नावाची लायब्ररी. ही एकच लायब्ररी क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, अँड्रॉइडमध्ये आणि असंख्य ॲप्समध्ये बसलेली आहे. फोटो उलगडताना तिला काही तक्ते बनवावे लागतात. त्या तक्त्यांना जास्तीत जास्त किती जागा लागेल याचं गणित आधीच करून तेवढीच जागा घेतलेली होती. गणित बरोबर होतं, पण ते नीट बनवलेल्या फोटोंसाठी. कोणी मुद्दाम वाकडा फोटो बनवला तर तक्ता दिलेल्या जागेबाहेर लिहीत जायचा.

ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने हे गुगलला कळवलं. ११ सप्टेंबरला क्रोमचा अपडेट आला आणि त्यावेळी हल्लेखोर ही चूक वापरत असल्याचं गुगलने सांगितलं. त्याच आठवड्याच्या आसपास ॲपलने आयफोनसाठी तातडीचा अपडेट काढला होता, कारण फोटो पाठवून, समोरच्याने काहीही न दाबता, पेगासस बसवला जात असल्याचं सिटिझन लॅबला आढळलं होतं. काहीही न दाबता, हे शब्द पुन्हा वाचा. "अनोळखी लिंकवर क्लिक करू नका" हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो.

दुरुस्ती कशी केली ते बघण्यासारखं आहे. आधी एकदा कोरडी फेरी मारून किती जागा लागेल ते मोजायचं, हातातल्या जागेत मावत नसेल तर नवा तुकडा घ्यायचा आणि मगच लिहायचं. म्हणजे ठरावीक लांबीचा ॲरे जाऊन वाढणारा ॲरे आला, लांबी आणि क्षमता दोन्ही लक्षात ठेवणारा.

डिबगिंगचं साधन आता खिशात

इतकी वर्षं हद्द तपासणारी साधनं फक्त प्रोग्रामरकडे होती. आता ती फोनमध्ये येतायत. ही खरी बातमी आहे आणि मोबाइल लाँचच्या गर्दीत ती कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलखाली दबून जाते.

यातलं सगळ्यात मोठं नाव मेमरी टॅगिंग, एमटीई. कल्पना लग्नाच्या हॉलमधल्या खोल्यांसारखी समजा. दर १६ बाइटची एक खोली, तिच्या दाराला १६ पैकी एक रंग. जागा देताना प्रोग्रामला जो पत्ता मिळतो त्याच्या वरच्या न वापरलेल्या बिट्समध्ये तोच रंग लिहिलेला असतो, म्हणजे किल्लीला त्याच रंगाची फीत. दार उघडताना चिप स्वतः रंग जुळवते. जुळला नाही तर तिथेच थांबवते. खोली सोडली की दाराला नवा रंग, त्यामुळे जुनी किल्ली घेऊन फिरणाराही बहुतेक वेळा पकडला जातो. ॲड्रेस सॅनिटायझर जे सॉफ्टवेअरमध्ये करत होता तेच आता चिप करते, म्हणून वेग फारसा जात नाही.

आपल्या मार्कांवर लावून बघू. ४८०० ते ४८३२, बरोबर दोन खोल्या, समजा दोन्ही निळ्या. नववा खण वाचायला गेलो तर पत्ता ४८३२, तिथे दुसऱ्याची लाल खोली. पकडले. पण सातवा खण? पत्ता ४८२४. तिथे मार्क नाहीत, कालचा कचरा आहे, पण खोली आपलीच, निळीच. चिपला यात वावगं काही दिसत नाही. लांबी ५ आणि क्षमता ८ यांतला फरक तिला ठाऊकच नाही. शिवाय १६ च रंग असल्याने योगायोगाने रंग जुळायची शक्यता राहते, साधारण सोळातून एकदा. म्हणून "एमटीई आलं, आता काळजी मिटली" असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पिक्सेल ८ मध्ये हे पहिल्यांदा साध्या ग्राहकाच्या फोनवर मिळालं, पण डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लपवलेलं. अँड्रॉइड १६ च्या ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शनमध्ये ते सपोर्ट असलेल्या फोनवर इतर सुरक्षेबरोबर चालू होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने आयफोन १७ आणि आयफोन एअरमध्ये मेमरी इंटिग्रिटी एन्फोर्समेंट आणलं: टॅगिंग कायम चालू, फोनच्या गाभ्यासाठी आणि ७० हून जास्त सिस्टीम प्रोसेससाठी, कुठलंही बटण न दाबता. या बाबतीत ॲपलने बाजी मारली, हे मान्य करायला हवं. सेटिंगच्या चौथ्या पानावरचं बटण किती जण दाबतात?

आता आपल्याकडचा प्रश्न. एमटीईसाठी चिपमध्ये नवे कोअर लागतात. स्वस्त फोनमध्ये वर्षानुवर्षं वापरले जाणारे कॉर्टेक्स-ए५५, ए७६, ए७८ हे कोअर त्याच्या आधीच्या पिढीचे, त्यांत ही सोयच नाही. सॉफ्टवेअर अपडेटने ती येणार नाही. म्हणजे लाखाच्या फोनला रंगीत दारं आणि बारा हजारांच्या फोनला उघडी रांग. बँकेचं ॲप मात्र दोन्हींवर तेच आणि यूपीआयही तेच.

पण इथे निराश व्हायचं कारण नाही, कारण जास्त परिणामकारक उपाय हार्डवेअरमधले नाहीतच. गुगलने आपल्या सर्व्हरवर सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत हद्दीची तपासणी कायमची चालू केली, म्हणजे व्हेक्टरचा खण वाचताना दर वेळी "लांबीच्या आत आहे ना?" असं विचारायचं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी आकडे दिले: वेगातली घट सरासरी ०.३० टक्के, आणि त्यातून हजारावर बग सापडले. ०.३०! दोन पिढ्या प्रोग्रामर "तपासणी महाग पडते" म्हणून ती टाळत आले, तिची किंमत आजच्या कंपायलरवर एवढीच. आणि ही तपासणी सातव्या खणालाही पकडते, कारण ती लांबी बघते. तिला खास चिप लागत नाही, बारा हजारांच्या फोनवरही चालते. ॲप बनवणाऱ्या कंपन्यांनी ती चालू करायला हवी, एवढाच प्रश्न. माझ्या मते ग्राहकांनी आणि रिव्ह्यू करणाऱ्या यूट्यूबर्सनी प्रोसेसरच्या स्कोअरइतकंच हेही विचारायला लागावं.

दुसरा उपाय रस्ट. या भाषेत व्हेक स्वतःची लांबी कधीच विसरत नाही आणि बिऱ्हाड हलल्यावर जुनी चिठ्ठी वापरायचा प्रयत्न केला तर प्रोग्राम तयारच होत नाही. अँड्रॉइडमध्ये सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता. २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला, आणि २०२५ मध्ये पहिल्यांदाच २० टक्क्यांच्या खाली गेल्याचं गुगलने सांगितलं. जुना कोड सगळा फेकून दिला नाही, नवा कोड रस्टमध्ये लिहायला लागले, त्यावर ही घसरण.

रस्टच्या भक्तांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. २०२५ मध्ये क्रॅबी-एव्हीआयएफ या फोटो उघडणाऱ्या रस्ट लायब्ररीत हद्दीबाहेर लिहिणारी चूक सापडलीच. रस्टमध्येही "अनसेफ" असा शेरा मारून नियम बाजूला ठेवता येतात, आणि चूक तिथेच होती. लोकांच्या फोनवर पोचायच्या आधी ती दुरुस्त झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला एक तपशील भारी आहे. अँड्रॉइडचा स्कुडो, म्हणजे मेमरीची वाटणी करणारा भाग, मोठ्या जागांच्या कडेला हात न लावता येणारी पानं ठेवतो. चूक तिथे आपटली आणि क्रॅश झाला. पण क्रॅश रिपोर्टमध्ये हे नीट उमटतच नव्हतं, की हा कुंपणाला धडकून झालेला क्रॅश आहे. कुंपणाने काम केलं, पंचनाम्यात कुंपणाचा उल्लेखच नाही! गुगलने मग रिपोर्टचा मजकूर सुधारला. ॲरे मेमरीत कसा मांडलाय हे डिबग करणाऱ्याला सरळ दिसणं किती गरजेचं आहे, हे त्यावरून दिसतं.

तुमचा फोनही तपासाला लागलाय

अँड्रॉइड १४ पासून एक गोष्ट गुपचूप होते. तुम्ही ॲप उघडता तेव्हा साधारण १ टक्का वेळा अँड्रॉइड त्या ॲपच्या काही मोजक्या जागा कुंपणवाल्या पानांवर देतो. जीडब्ल्यूपी-एसॅन नाव आहे त्याचं. एखाद्या ॲरेने हद्द ओलांडली आणि नशिबाने तो त्या मोजक्यांपैकी असला, तर चूक नोंदवली जाते. ॲप बंदही पडत नाही, चालू राहतं. एका फोनवर सापडायची शक्यता नगण्य, पण कोट्यवधी फोनवर रोज हेच चाललं की कुठेतरी सापडतेच. मुंबईतल्या लोकलमध्ये टीसी प्रत्येकाचं तिकीट बघत नाही, तरी धाक राहतो, हिशोब तोच.

याची दुसरी बाजूही आहे. अँड्रॉइड क्रॅशची जी पूर्ण नोंद बनवतो तिच्यात क्रॅशच्या जागेच्या आसपासची थोडी मेमरीही असते, आणि मेमरीत काय असेल ते सांगता येत नाही. कोणाला काय टाइप करत होतात तेही असू शकतं. गुगलला निदानाची माहिती पाठवायची की नाही, हे सेटिंगमधल्या "यूसेज अँड डायग्नॉस्टिक्स" या बटणावर ठरतं. मी ते चालू ठेवतो, कारण वर सांगितलेले बग तसेच सापडतात. तुम्हाला नको वाटलं तर बंद करा, त्यात काही चूक नाही.

पिक्सेल ८ किंवा त्यापुढचा फोन असेल आणि अँड्रॉइड १६ आलं असेल तर सिक्युरिटी अँड प्रायव्हसीमध्ये ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन शोधा. ते चालू केल्यावर प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकता येणार नाहीत, हे आधी लक्षात घ्या. एमटीई चालू असताना एखादं आतापर्यंत नीट चालणारं ॲप अचानक बंद पडायला लागलं, तर ॲपला शिव्या देऊन एमटीई बंद करायचा मोह होईल. थांबा जरा. ते ॲप बहुधा आधीपासूनच कुठला तरी नववा खण वाचत होतं, फक्त तेव्हा कोणी हटकत नव्हतं. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर खाली डेव्हलपरचा ईमेल असतो. फोनचं मॉडेल आणि "मेमरी टॅगिंग चालू असताना क्रॅश होतं" एवढं एक वाक्य लिहून पाठवा. नुसत्या एका स्टारच्या रिव्ह्यूपेक्षा ते त्यांच्या डिबगरसमोर बसलेल्या माणसाला कितीतरी जास्त उपयोगी पडेल.